नर्सिंग होममधली नर्स

अमेरिकेत नर्सिंग होम म्हटलं की डोळ्यांसमोर येतात थकलेले आजी-आजोबा, जे बहुधा शेवटपर्यंत तिथेच राहणार असतात. गोंदियात नर्सिंग होम म्हटलं की येतो एक दुमजली बंगला, खाली मेडिकलचं दुकान, वर दहा-पंधरा खाटा आणि पाटीवर नवरा-बायको दोघांच्या डिग्र्या. आमच्या भाषेत सांगायचं तर एकाच नावाचे दोन व्हेरिएबल्स. पण थोडं खोदलं की कळतं, दोघांचा मूळपुरुष एकच आहे आणि तो इंग्लंडचा आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधली पैसेवाली मंडळी धर्मादाय इस्पितळात पाऊल टाकायला नाखूश असत. ती जात खासगी घरांत, जिथे पैसे मोजून खोली मिळे आणि शुश्रूषाही. डॉक्टर बाहेरून येऊन तपासून जायचा. घर बरेचदा एखादी नर्सच चालवायची, म्हणून ते 'नर्सिंग होम'. पण पाटी कोणीही लावावी अशी परिस्थिती होती. 1919 साली तिथे नर्सेसच्या नोंदणीचा कायदा झाला. 1926 साली त्यांच्या संसदेच्या एका समितीने या घरांची चौकशी केली आणि 1927 साली नर्सिंग होम्सच्या नोंदणीचाही कायदा आला.

आपल्याकडे मुंबई प्रांताने 1949 साली 'बॉम्बे नर्सिंग होम्स रजिस्ट्रेशन अ‍ॅक्ट' केला, त्यावर या विलायती कायद्याची छाप अगदी स्पष्ट दिसते. आजारी, जखमी किंवा दुर्बल माणसांना ठेवून घेऊन जिथे उपचार आणि शुश्रूषा दिली जाते ते नर्सिंग होम, अशी त्याची व्याख्या. बाळंतपणाची घरंही त्यातच. बघा, 'दुर्बल' हा शब्द व्याख्येत पहिल्या दिवसापासून आहे! म्हणजे म्हातारपणाने खाटेला खिळलेला माणूसही या कायद्याच्या नजरेतून सुटलेला नव्हता.

आता गंमत पुढे आहे. नोंदणी कधी नाकारता येईल, तर तिथे राहणारा आणि जबाबदारी घेणारा पात्र डॉक्टर किंवा पात्र नर्स नसेल तर, किंवा शुश्रूषा करणार्‍यांमध्ये पात्र नर्सेसचं 'योग्य प्रमाण' नसेल तर. योग्य म्हणजे किती? ते मूळ कायद्यात नाही. दहा खाटांना एक? वीस खाटांना? दिवसा किती, रात्री किती? माझ्या टेबलावर अशी रिक्वायरमेंट आली असती तर मी ती दोन मिनिटांत परत पाठवली असती, कारण यावर टेस्ट केसच लिहिता येत नाही. आणि मूळ कायद्यात नोंदणीशिवाय नर्सिंग होम चालवलं तर पहिल्या गुन्ह्याला दंड होता जास्तीत जास्त 500 रुपये.

अर्थात कायदा लिहिणार्‍यांची अडचणही समजून घ्यायला हवी. 1946 साली आलेल्या भोर समितीच्या अहवालात ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे 7,000 नर्सेस असल्याचा हिशेब आहे. म्हणजे साधारण 43,000 माणसांमागे एक. आकडा घातला असता तर बहुतेक नर्सिंग होमं पहिल्याच दिवशी बंद करावी लागली असती. म्हणून आकडा गाळला, शब्द ठेवला. माझ्या मते तिथेच सगळी गोम आहे. आकडा नसल्यामुळे नर्स ही नर्सिंग होममधली ऐच्छिक वस्तू होऊन बसली.

हे सगळं वाचायचं कारण माझी मावशी. वय 78, गोंदियात मुलाकडे राहते. गेल्या वर्षी न्हाणीघरात पडली, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं. प्रश्न त्यानंतरच्या तीन आठवड्यांचा होता. मावसभावाचं दुकान, वहिनीची पाठ आधीच धरलेली, उचलून बसवणार कोण? मी पुण्यातून महाराष्ट्र एक्सप्रेसने पोचलो (हा प्रवास एक स्वतंत्र लेख आहे, असो) तोवर नातेवाइकांनी चार नर्सिंग होमांची यादी तयार ठेवली होती. "नागपूर-बिगपूर काही नको, इथंच पाहा काय पाहायचं ते," हा मावशीचा हुकूम.

यादीतली माहिती भरपूर होती. डॉक्टरची डिग्री कुठली, लिफ्ट आहे का, एसी खोलीचा दर काय, सोनोग्राफी आहे का, विम्याचं कॅशलेस चालतं का. पण ऑपरेशननंतर पडून असलेल्या म्हातार्‍या माणसाला धोका असतो तो पाठीवर आणि टाचेवर होणार्‍या जखमांचा, छातीत कफ साठून होणार्‍या न्यूमोनियाचा, पायात रक्ताची गुठळी होण्याचा, रात्री अचानक भ्रम होऊन उठायला जाण्याचा. यातलं सोनोग्राफी मशीन काय सांभाळणार? कूस बदलणं, बसतं करणं, लघवीची नळी स्वच्छ ठेवणं, बोलण्यातला फरक ओळखणं, हे काम नर्सचं. म्हणून आम्ही चारही ठिकाणी एकच प्रश्न विचारला: रात्री दोन वाजता इथे कोण असतं?

एका ठिकाणी उत्तर मिळालं, "सिस्टर असते ना!" आपल्याकडे एप्रन घातलेली प्रत्येक मुलगी सिस्टर असते, त्यामुळे पुढचा प्रश्न विचारावाच लागतो: तिने जीएनएम केलंय की एएनएम, आणि नर्सिंग कौन्सिलची नोंदणी आहे का? तिथल्या रात्रपाळीच्या मुलीने बारावीनंतर तिथेच काम शिकलं होतं. हुशार होती, मायाळूही वाटली. तुटपुंज्या पगारावर बारा तास उभ्या राहणार्‍या या मुलींना मी दोष देणार नाही. पण पेशंटच्या छातीत घरघर वाढली तर ती कशाची, हे तिला कोणी शिकवलेलंच नव्हतं. दुसरीकडे म्हणाले, "डॉक्टर वरच राहतात, बेल वाजवली की येतात." बेल कोण वाजवणार? मावशी?

आता तुम्ही म्हणाल, कायदा होता तर मग हे चालत कसं आलं? इथे गोंदियाचा भूगोल समजून घ्यावा लागतो. 1949 साली गोंदिया मुंबई प्रांतात नव्हतंच. ते भंडारा जिल्ह्यात, आणि भंडारा मध्य प्रांत व वर्‍हाडात. म्हणजे मुंबईत कायदा झाला तेव्हा गोंदियाच्या दृष्टीने ते परराज्य. 1 नोव्हेंबर 1956 ला विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, 1960 ला महाराष्ट्र झाला, 1 मे 1999 ला गोंदिया स्वतंत्र जिल्हा झाला. पण कायदा काही रेल्वेत बसून मागोमाग आला नाही. अनेक वर्षं तो मुंबई, पुणे, नागपूर, सोलापूर अशा मोजक्या शहरांतच लागू होता.

बरं, जिथे होता तिथे तरी काय? 1990 साली यास्मिन तवारिया यांनी मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली. त्यांचे वडील एका खासगी इस्पितळात गेले होते. त्या प्रकरणात उघड झालं की खुद्द मुंबईत महापालिका हा कायदा नीट राबवतच नव्हती. न्यायालयाच्या आदेशाने समिती नेमली गेली. सुनील नंदराज यांनी मुंबईतल्या खासगी इस्पितळांची पाहणी करून 1994 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. राहत्या इमारतीतले फ्लॅट, स्ट्रेचर वळणार नाही असे अरुंद बोळ, आणि शिकलेल्या नर्सेसचा तुटवडा. नंदराज आणि रवी दुग्गल यांनी मग सातारा जिल्ह्यात पाहणी केली (1997), तिथेही बहुतेक ठिकाणी पात्र नर्स नव्हती. सातारा म्हणजे काही मागास जिल्हा नव्हे. साळेकसा-देवरीकडे कोणी अशी मोजदाद केली असती तर काय सापडलं असतं, याचा अंदाज तुम्हीच करा.

पुढचं भरभर सांगतो. 2005 च्या दुरुस्तीने कायदा राज्यभर आला. केंद्राने 2010 साली क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट्स कायदा केला, तो महाराष्ट्राने स्वीकारला नाही, जुन्याचीच डागडुजी चालू ठेवली. जानेवारी 2021 मध्ये नवे नियम आले: दरपत्रक लावा, रुग्णहक्कांची सनद भिंतीवर लावा, तक्रारीची सोय ठेवा. त्याच महिन्याच्या 9 तारखेला भंडार्‍याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून दहा बाळं गेली. ते सरकारी रुग्णालय. आणि सरकारी रुग्णालयांना हा कायदा 1949 पासूनच लागू नाही. म्हणजे गोंदियातलं केटीएस किंवा बाई गंगाबाई रुग्णालय या चौकटीबाहेर, आणि गरिबाचा रस्ता तर तिकडेच जातो. हे मला अजिबात पटत नाही.

अमेरिकेत तरी सगळं आलबेल आहे का? तिथल्या सरकारने 1998 मध्ये नर्सिंग होम्सची तुलना करणारी साइट काढली, डिसेंबर 2008 पासून हॉटेलसारखे एक ते पाच तारे द्यायला सुरुवात केली. झकास! फक्त नर्सेसची संख्या नर्सिंग होमांनीच कळवायची होती. पुढे काय झालं असेल हे कुठल्याही टेस्टरला सांगायला नको. शेवटी 2016 पासून नर्सेसचे तास थेट पगारपत्रकाच्या नोंदींवरून मागवायला लागले. पगार दिला असेल तर माणूस कामावर होता, एवढा साधा हिशेब.

गोंदियात कोणी पगारपत्रक दाखवणार नव्हतं, पण ड्युटीचं रजिस्टर मागता येतं. आम्ही ते मागितलं. एका ठिकाणी "असं कोणी विचारत नाही" म्हणाले. तिसर्‍या ठिकाणी, जे यादीतलं सगळ्यात कळकट, बारा खाटांचं, बिनलिफ्टचं होतं, तिथल्या डॉक्टरबाईंनी काही न बोलता वही पुढे सरकवली. दोन जीएनएम, एक एएनएम, रात्रपाळ्या आळीपाळीने, सह्या वेगवेगळ्या शाईच्या. नोंदणीचं प्रमाणपत्र भिंतीवर होतं, मुदतीतलं. मावशीला खुर्चीत बसवून वर चढवावं लागलं, दोघांना घाम फुटला.

मावशी तिथे एकोणीस दिवस होती. आठवड्याने फोन केला तर ती तक्रार करत होती, "झोपू देत नाही ना ती पोरगी. दोन-दोन घंट्यांनी कुशीवर करते."