ज्यूरी-सदस्याचे सत्यगोपन

आपल्या निःपक्षपातीपणाविषयी शंका येईल अशी माहिती ज्यूरीच्या निवडीच्या वेळी सदस्याने दडविणे. स्वतःस वा आप्तास उपचारांत झालेली इजा, प्रतिवादी डॉक्टरशी असलेला संबंध, ही वैद्यकीय हलगर्जीपणाच्या दाव्यांतील नेहमीची उदाहरणे होत. असे दावे ज्यूरीपुढे मुख्यत्वे अमेरिकेत चालतात. महत्त्वाच्या प्रश्नास अप्रामाणिक उत्तर दिले गेले आणि खऱ्या उत्तराने सदस्यास सकारण वगळता आले असते, तरच फेरसुनावणी मिळते, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये ठरविले.

भारतात १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने पक्षपाताच्या कारणावरून सदस्यास आक्षेप घेण्याची मुभा दिली होती. मात्र सारेच उघड असूनही उपाय नसे. टिळकांच्या १९०८ च्या खटल्यात विशेष ज्यूरीत मराठी न जाणणाऱ्या यूरोपीयांचे बहुमत होईल, हा बचावपक्षाचा आक्षेप फेटाळला गेला. निकाल ७ विरुद्ध २ मतांनी लागला. १९७३ च्या संहितेत ज्यूरीस स्थान उरले नाही.

नुकसानभरपाईच्या दाव्यांत ही पद्धती येथे रुजलीच नव्हती. बिलोलीच्या रुग्णास दिवाणी न्यायालय किंवा नांदेडचा जिल्हा ग्राहक आयोग हे मार्ग आहेत. डॉक्टरवरील फौजदारी कारवाईपूर्वी पोलिसांनी स्वतंत्र वैद्यकीय मत, शक्यतो सरकारी डॉक्टरचे, घ्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सांगितले. जिल्ह्याच्या मर्यादित वैद्यकवर्तुळात मत देणारा आणि आरोपित हे सहाध्यायी वा सहकारी असणे अशक्य नसते. तो संबंध सांगण्याची जबाबदारी येथे तज्ज्ञावर येते.