मागून येणाऱ्यांची शिदोरी

शिकूनसवरून नोकरीला लागलेला माणूस घर, मुले, म्हातारे आईबाप हे सारे सांभाळून वर आणखी कुणा अनोळखी मुलाच्या कॉलेजच्या खर्चासाठी पैसे पाठवितो. हे तो का करतो? प्राप्तिकरात सूट मिळते म्हणून, असे कुणी म्हणेल. ते थोडेफार खरेही असेल. पण अशी सूट नव्हती तेव्हाही लोक देत होते. तेव्हा उत्तरासाठी जरा मागे गेले पाहिजे.

आपला धाराशिव जिल्हा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होता. राज्याचे उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली हैदराबादेस निघाले, आणि तेथे शिक्षणाची भाषा उर्दू. कळंबच्या किंवा परंड्याच्या मुलाने घरी मराठी बोलावे आणि पदवी उर्दूतून घ्यावी, नाहीतर गाठोडे बांधून पुण्या-मुंबईची वाट धरावी. मराठवाडा विद्यापीठ निघाले ते २३ ऑगस्ट १९५८ रोजी. म्हणजे पदवीसाठी आपल्याकडच्या मुलाला परगावी राहणे चुकत नसे. आणि परगावी फीपेक्षा मोठे प्रश्न दोनच. जेवायचे कोठे, निजायचे कोठे?

जुन्या पुण्यात यावर तोड होती ती वार लावून जेवण्याची. आठवड्याचे सात वार, सात घरे. पुष्कळ विद्वान या अन्नावर वाढले. पण ही सोय बहुतांशी ब्राह्मण मुलांपुरती होती. इतरांना ती घरे उघडी नव्हती, आणि अस्पृश्य मानलेल्या मुलाला तर उंबरठ्याशीही उभे राहता येत नसे. ज्याला वार मिळे त्यालाही पानावर खाली मान घालूनच बसावे लागे. दान देणाऱ्याला ही खाली घातलेली मान सहसा दिसत नाही. ज्याची स्वतःची मान तशी खाली गेलेली असते, त्याला ती बरोबर दिसते.

गोपाळ कृष्ण गोखल्यांचेच पाहा. वडील लवकर वारले. थोरले भाऊ गोविंदराव यांना पगार महिना १५ रुपये. त्यातले ८ ते गोपाळरावांना शिकण्यासाठी पाठवीत. उरलेल्या ७ रुपयांत घर कसे चालत असेल याचा हिशेब तुम्हीच करा! १८८४ साली पदवी घेतल्यावर गोखल्यांना चांगल्या पगाराच्या वाटा होत्या. त्यांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटीत ७५ रुपये महिन्यावर २० वर्षे शिकविण्याचे बंधन पत्करले. हे पैशाचे दान नव्हे, कबूल. पण न मिळविलेला पगार हीही देणगीच की! त्याच वर्षी पदवीधर झालेल्या धोंडो केशव कर्व्यांनी आपल्या गावासाठी मुरूड फंड काढला. हे मुरूड कोकणातले बरे का, लातूरजवळचे आपले नव्हे.

पण या विषयात मला सर्वांत बोलका वाटतो तो बाबासाहेब आंबेडकरांचा दाखला. कॉलेजात असता सयाजीराव गायकवाडांनी त्यांना महिना २५ रुपये दिले. १९१३ साली शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेस कोलंबिया विद्यापीठात पाठविले. परत येऊन बडोदे सरकारची १० वर्षे चाकरी करावी, असा करार होता. करार पाळण्यासाठी ते १९१७ साली बडोद्यास गेलेही. पण एवढ्या शिकलेल्या माणसाला जातीपायी त्या शहरात राहावयास जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतूनही बाहेर काढले गेले, आणि नोकरी सोडावी लागली.

पुढे काय झाले? जुलै १९२४ मध्ये त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली, आणि सभेने जानेवारी १९२५ मध्ये सोलापूरला, म्हणजे आपल्या शेजारीच, वसतिगृह उघडले. ज्याला छप्पर नाकारले गेले त्याने आरंभीच मुलांसाठी छप्पर उभे केले, हा निव्वळ योगायोग असे मला वाटत नाही. फेब्रुवारी १९४१ मध्ये ते आपल्या जिल्ह्यात कसबे तडवळ्यास परिषदेसाठी आले होते. १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापिली, आणि १९५० साली औरंगाबादेस तिचे महाविद्यालय निघाले. तेच आजचे मिलिंद. मराठवाड्यात महाविद्यालये बोटांवर मोजण्याइतकी असतानाची ही गोष्ट आहे. सयाजीरावांचे ऋण त्यांना परत करून फिटण्यासारखे नव्हतेच. महाराजांना त्या पैशाची गरज काय? ते पुढच्या मुलालाच देता येण्याजोगे होते.

पुण्याची विद्यार्थी साहाय्यक समिती याच वाटेवरची. अच्युतराव आपट्यांनी १९५५ साली ती सुरू केली, खेड्यातल्या गरीब मुलांना शहरात राहून शिकता यावे म्हणून. मुले वसतिगृहातली कामेही करतात; त्यामुळे फुकटचे खातो असे कुणाला वाटत नाही. आज तिच्या देणगीदारांत तेथेच राहून शिकलेले लोक आहेत. त्यांना मदतीची गरज कुणी समजावून सांगावी लागत नाही.

गुरुजी, तुमच्या शाळेतले मूल आज कोठे अडते? विद्यापीठाचे उपकेंद्र आता धाराशिवातच आहे. शिष्यवृत्त्या आहेत, २०२४ पासून ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या इतर मागास, मराठा आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी सरकार भरते. पण खानावळ आणि खोली उरतेच. पाऊस चुकला, सोयाबीन गेले, की घरचे पैसे थांबतात, आणि शिष्यवृत्ती पुष्कळदा वर्ष सरताना हाती येते. खोलीची अनामत आणि पहिल्या दोन महिन्यांची खानावळ मात्र प्रवेशाच्याच आठवड्यात रोख मोजावी लागते. तुमच्या हाताखालून शिकून गेलेले, आज पगारदार असलेले किती जण तुम्हाला ठाऊक आहेत? पत्र लिहावयाचे तर त्यांना मे महिन्यातच लिहा. निकाल लागल्यावर फार थोडे दिवस उरतात.