खुंबू पासांगल्हामू: एव्हरेस्टच्या पायथ्याची गावपालिका

जगातील सर्वोच्च शिखर ज्या स्थानिक संस्थेच्या हद्दीत येते, ती एखादी महानगरपालिका नाही. नेपाळच्या कोशी प्रांतातील सोलुखुंबू जिल्ह्यात असलेली ती एक ग्रामीण पालिका आहे. खुंबू पासांगल्हामू असे तिचे नाव. २०११ च्या जनगणनेनुसार तिची लोकसंख्या सुमारे नऊ हजार होती. क्षेत्रफळ मात्र दीड हजार चौरस किलोमीटरहून अधिक आहे. पर्यटनाच्या चांगल्या वर्षी येथे पन्नास हजारांहून अधिक परदेशी प्रवासी येतात. एवढ्या पाहुण्यांचा भार वाहणाऱ्या या प्रदेशाचा कारभार नेमका कोणी पाहायचा, हा येथील जुना प्रश्न आहे.

स्थापना आणि नाव

नेपाळमध्ये २० सप्टेंबर २०१५ रोजी संघराज्यात्मक राज्यघटना लागू झाली. त्यानुसार मार्च २०१७ मध्ये स्थानिक संस्थांची फेररचना करण्यात आली. आज देशात एकूण ७५३ स्थानिक संस्था असून, त्यांपैकी ४६० गावपालिका आहेत. चौरीखर्क, खुमजुंग आणि नाम्चे या तीन जुन्या गाव विकास समित्या एकत्र करून पाच प्रभागांची ही पालिका अस्तित्वात आली. एव्हरेस्ट सर करणाऱ्या पहिल्या नेपाळी महिला पासांग ल्हामू शेर्पा यांचे नाव तिला देण्यात आले. २२ एप्रिल १९९३ रोजी त्यांनी शिखर गाठले. परतीच्या वाटेवर त्यांचा मृत्यू झाला.

लोकजीवन

येथील बहुसंख्य रहिवासी बौद्ध धर्मीय शेर्पा आहेत. त्यांचे पूर्वज सुमारे पाचशे वर्षांपूर्वी पूर्व तिबेटमधून आले, असे मानले जाते. राई, तमांग आदी समाजही येथे राहतात. शेर्पांमध्ये जन्मवारावरून नाव ठेवण्याची पद्धत आहे. ‘पासांग’ म्हणजे शुक्रवार. बटाटा व सातू यांची शेती, याकपालन आणि तिबेटशी चालणारा व्यापार ही उपजीविकेची जुनी साधने होती. गिर्यारोहण व पर्यटन यांनी पुढे त्यांची जागा घेतली. सर एडमंड हिलरी यांच्या पुढाकाराने १९६१ मध्ये खुमजुंग येथे शाळा, तर १९६६ मध्ये खुंदे येथे रुग्णालय सुरू झाले. लुक्ला येथील धावपट्टी १९६४ मध्ये बांधण्यात आली.

‘नावा’ ते गावपालिका

गावाचा कारभार गावानेच करण्याची परंपरा खुंबूत जुनी आहे. गावकरी आपल्यातूनच ‘नावा’ नेमत. एक नावा जंगलतोडीवर लक्ष ठेवी, तर दुसरा जनावरे कोणत्या कुरणात केव्हा न्यायची याचे नियम पाळले जातात की नाही हे पाही. नियम मोडणाऱ्यास दंड होई. सरकारने १९५७ मध्ये जंगलांचे राष्ट्रीयीकरण केले आणि या व्यवस्थेचा पाया डळमळला. १९७६ मध्ये सगरमाथा राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. १९७९ मध्ये त्याचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. उद्यानाचे नियम काठमांडूत ठरू लागले. २००२ मध्ये मध्यवर्ती क्षेत्राभोवतीचा पट्टा संरक्षक क्षेत्र म्हणून घोषित झाल्यावर उद्यानाच्या उत्पन्नातील ठरावीक वाटा गावांच्या विकासाकडे वळू लागला.

अधिकार आणि मर्यादा

१९९७ नंतर तब्बल वीस वर्षे नेपाळमध्ये स्थानिक निवडणुका झाल्या नव्हत्या. त्या २०१७ मध्ये झाल्या आणि पुन्हा १३ मे २०२२ रोजी झाल्या. अध्यक्ष व उपाध्यक्ष थेट मतदारांकडून निवडले जातात. प्रत्येक प्रभागात एक अध्यक्ष व चार सदस्य असतात. त्या चौघांमध्ये दोन जागा महिलांसाठी असून त्यांपैकी एक दलित महिलेची असते. आपल्याकडील ग्रामपंचायतीहून या पालिकेचे स्वरूप वेगळे आहे: तिची सभा कायदे करू शकते, आणि उपाध्यक्षांच्या नेतृत्वाखालील न्यायिक समिती स्थानिक तंटे ऐकते.

हे अधिकार खुंबूने लगेच वापरले. २०१७ मध्येच पालिकेने पदभ्रमण करणाऱ्या परदेशी प्रवाशांकडून स्वतःचे प्रवेश शुल्क घेण्यास सुरुवात केली. काठमांडूतून दिले जाणारे पदभ्रमण कार्ड येथे आवश्यक राहिले नाही. २०२४ मध्ये गिर्यारोहकांनी शिखरमार्गावरील आपली विष्ठा विशेष पिशव्यांतून खाली आणावी, असा नियम तिने केला.

शिखर चढण्याचा परवाना मात्र केंद्र सरकारच देते. एव्हरेस्टचे परवाना शुल्क सप्टेंबर २०२५ पासून वसंत ऋतूसाठी ११ हजार डॉलरवरून १५ हजार डॉलर करण्यात आले. अशा स्वामित्व शुल्कातील निम्मी रक्कम केंद्राकडे राहते. प्रांताला आणि संबंधित स्थानिक संस्थांना प्रत्येकी पाव हिस्सा मिळतो.

धोका दाराशी

ऑगस्ट १९८५ मध्ये दिग त्सो हे हिमसरोवर फुटून नाम्चेजवळील जलविद्युत प्रकल्प वाहून गेला. १६ ऑगस्ट २०२४ रोजी थामे गावात पुन्हा तसाच पूर आला. जीवितहानी टळली, शाळा, आरोग्य केंद्र आणि अनेक घरे मात्र उद्ध्वस्त झाली. हिमनद्या वितळण्याची कारणे या पालिकेच्या हद्दीबाहेर आहेत, पण विस्थापितांना प्रथम आठवते ते प्रभागाचे कार्यालय. दूरच्या राजधानीपेक्षा जवळचे सरकार किती उपयोगी पडते, याची खरी कसोटी खुंबूत अशाच प्रसंगी लागणार आहे.