मोजणीची चौकट : पेडणे आणि कुर्दिस्तान

पेडणे तालुक्यातील इब्रामपूर हे गोव्याच्या सीमेवरचे गाव. पलीकडे सिंधुदुर्ग जिल्हा. सोयरिकी आणि जत्रा यांना ही सीमा कधी आडवी आली नाही. तिचे मूळ १७८८ सालात आहे. सावंतवाडीकर भोसल्यांनी पेडणे महाल पोर्तुगिजांच्या हवाली केला, तेव्हा रयतेला विचारण्याची रीत नव्हती.

विचारले गेले ते १६ जानेवारी १९६७ रोजी, जनमत कौलात. महाराष्ट्रातील विलीनीकरणासाठी 'फूल', संघप्रदेशासाठी 'दोन पाने'. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली, विरुद्ध १,७२,१९१. पेडणे, डिचोली या नव्या काबिजादीतील तालुक्यांचा कल फुलाकडे होता. परंतु मोजणीचे एकक संपूर्ण गोवा होते आणि ३४,०२१ मतांच्या फरकात तो कल विरून गेला.

कुर्दांचा इतिहास वाचताना ही मोजणी आठवते. १९२० च्या सेव्हरच्या तहाने त्यांना स्वायत्तता आणि पुढे स्वातंत्र्याची वाट देऊ केली. १९२३ च्या लोझानच्या तहात त्यांचे नावही उरले नाही. तुर्कस्तान, इराण, इराक आणि सीरिया या चारही राज्यांत ते अल्पसंख्य ठरले, म्हणजे कोणत्याही मोजणीत हरणारे. १९४६ चे महाबाद प्रजासत्ताक वर्षभरही टिकले नाही. त्याचे अध्यक्ष काझी महंमद यांना पुढच्याच वर्षी फाशी झाली. २५ सप्टेंबर २०१७ रोजी इराकी कुर्दिस्तानात मोजणी त्यांच्याच चौकटीत झाली आणि नव्वद टक्क्यांहून अधिक मते स्वातंत्र्याला पडली. बगदादने ती चौकटच नाकारली. ऑक्टोबरात किरकूकही हातचे गेले.

तुलना ताणू नये. हलब्जावर १९८८ मध्ये विषारी वायू सोडला गेला, तसे पेडण्यावर काही ओढवले नाही. शिवाय ज्यांनी 'दोन पानां'ना मत दिले, त्यांचाही आग्रह स्वशासनाचाच होता. आपल्या सभांतून हे क्वचितच सांगितले जाते. त्यांच्या दृष्टीने पाहिल्यास कुर्दांच्या जागी तेच उभे दिसतात, आणि आपण शेजारचे मोठे राज्य!

भाषेपुरते मात्र कुर्द आपल्यापुढे गेले. इराकच्या २००५ च्या राज्यघटनेत अरबीबरोबर कुर्दीही राजभाषा आहे. गोव्याच्या १९८७ च्या कायद्यात राजभाषा म्हणून देवनागरी कोकणीचे नाव आहे. मराठी पुढच्या तरतुदीत येते, शासकीय कामात वापरावयाची भाषा म्हणून.