दिनविशेष : १९ नोव्हेंबर

१९५९ : अमेरिकेच्या एबीसी वाहिनीवर ‘रॉकी अँड हिज फ्रेंड्स’ ही कार्टून मालिका सुरू झाली. रॉकी या उडत्या खारीला आवाज जून फोरे यांचा होता. तिच्या वाईटावर टपलेली हेर नताशाही त्यांचीच. एक स्वर पोरगेलासा, कोवळा. दुसरा जाड, ठसक्यात ओढलेला, पूर्व युरोपीय वळणाचा. दोघांमागे एकच बाई आहे, अशी शंकाही येत नसे.

हे कसब त्यांनी रेडिओवर कमावलेले. तिथे चेहरा, वेशभूषा काहीच मदतीला नसते. पात्र श्वासातून आणि शब्दफेकीतून उभे करावे लागते. टीव्हीच्या तुटपुंज्या खर्चात चित्रे फारशी हलत नसत, त्यामुळे सारी गोष्ट संवादांवर तोललेली असे. कार्टूनमधला आवाज हा पूर्ण अभिनय आहे, हे फोरे यांच्या कामाने निर्विवाद सिद्ध केले. ॲनिमेशनसाठीचे ॲनी पुरस्कार १९७२ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने सुरू झाले. ॲनिमेशनपटांना स्वतंत्र ऑस्कर मिळावे म्हणून त्यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. ते २००२ पासून दिले जाते. ‘द गारफिल्ड शो’साठी २०१२ मध्ये त्यांना एमी मिळाले, वयाच्या ९४ व्या वर्षी.