किमयेचे विरजण

वैद्यकाच्या इतिहासाची एक सुटसुटीत गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो. युरोपातले किमयागार सोन्याच्या नादाने भट्ट्या फुंकत बसले. पुढे विज्ञान आले, त्याने तो धूर हटवला आणि वैद्यक शहाणे झाले.

हा पूर्वपक्ष पोकळ नाही. ब्रसेल्सचा वैद्य व्हान हेल्मोंट (मृत्यू १६४४) याचेच उदाहरण घ्या. आपण पाऱ्याचे सोने केले, असे तो लिहून गेला. जखमेऐवजी शस्त्राला मलम लावले तरी जखम भरते, या मताची त्याने पाठराखण केली. असा माणूस वैद्यकाला काय देणार?

आरोप ऐकले, आता पुरावा पाहू. पोटाच्या उबेने अन्न शिजते, तेच पचन, अशी प्राचीन वैद्य गेलेनपासूनची शिकवण होती. हेल्मोंटने विचारले, मग थंड अंगाचा मासा भक्ष्य पचवतो कसा? आणि तापाने फणफणलेल्या रोग्याला दुप्पट भूक का लागत नाही? त्याची पाळलेली चिमणी त्याची जीभ चोचीत धरून गिळू पाही. तेव्हा तिच्या घशातला तीव्र आंबटपणा त्याला जाणवला. पोटातले आम्ल आणि त्यासोबतचे एक खमीर अन्न पालटते, असा सिद्धांत त्याने मांडला. १८२४ साली रसायनज्ञ प्राउटने ते आम्ल हायड्रोक्लोरिक असल्याचे दाखवले. १८३६ मध्ये शरीरशास्त्रज्ञ श्वानला पेप्सिन हे पाचक खमीर सापडले. आम्लही खरे, खमीरही खरे.

प्रतिपक्ष म्हणेल, 'हे सुचले ते किमयेमुळे नव्हे, किमया असूनही.' खरी लढत इथेच आहे. खमीर ही कल्पना आली कुठून? चमचाभर विरजण पातेलंभर दुधाचे दही करते. तसाच चिमूटभर परीस हीन धातूंच्या राशीचे सोने करील, हा किमयेचा गाभाच होता. थोड्याने पुष्कळाचा पालट होतो, हा विचार हेल्मोंटने भट्टीवरून उचलून जठरात नेला. सोन्याच्या बाबतीत तो फसला. पोटाच्या बाबतीत तो खरा ठरला. कल्पना एकच होती.

तराजूचेही तेच. ६२ पौंड कोळसा जाळून राख उरली एक पौंड. सोनारासारखा काटा धरणारा किमयागार 'उरलेले नाहीसे झाले' म्हणून गप्प बसेल? हेल्मोंटने त्या अदृश्य उरलेल्याला नाव दिले 'गॅस'. श्वसनाची चर्चा आज या शब्दावाचून होईल का?

राहता राहिले धूर हटवणारे. लायडन विद्यापीठात १६६९ साली रसायनाची प्रयोगशाळा उभारणाऱ्या वैद्य सिल्व्हियसने आम्ल-अल्कलीच्या भाषेतच शरीर समजावले. आणि किमयेवर टीका करणारा म्हणून ज्याचा दाखला देतात, तो रॉबर्ट बॉईल? सोने करण्यावर बंदी घालणारा इंग्लंडचा जुना कायदा १६८९ मध्ये रद्द व्हावा म्हणून खटपट करणाऱ्यांत तोही होता. हटवणारेच भट्टीपाशी बसले होते.

किमयेच्या चुका झाकू नयेत. पाऱ्याच्या औषधांनी अनेकांना छळले, हेही नोंदवावे. पण दही लागल्यावर विरजणाचे ऋण नाकारणे हा न्याय नव्हे. निवाडा वाचकांनी करावा. फक्त दह्याची चव घेऊन करावा.