शब्दवेध : जुळे

संस्कृत ‘युज्’ म्हणजे जोडणे. त्यातून ‘युगल’, प्राकृतात ‘जुअल’ आणि मराठीत ‘जुळे’. बैलांच्या मानेवरचे ‘जू’ही याच कुळातले, ‘युग’पासून आलेले. ‘जावळे’ मात्र ‘यमल’चा वंशज. सगळ्यांच्या अर्थात दोघे आहेतच.

पण पोटात कधी एकच उरते. गरोदर बाईच्या सोनोग्राफीत सातव्या आठवड्याला दोन ठोके दिसतात आणि बाराव्याला एकच, असे होऊ शकते. डॉक्टर याला ‘व्हॅनिशिंग ट्विन’ म्हणतात. सोनोग्राफी नव्हती तेव्हा हे बहुधा कळतही नसे. गर्भ असा नाहीसा होण्याचे कारण बरेचदा गुणसूत्रांतला दोष असतो. आईचे चालणे, उचलणे किंवा खाणे नव्हे. तो गर्भ हळूहळू शरीरातच विरतो. पहिल्या तीन महिन्यांत असे घडले, तर दुसरे बाळ बहुतेकदा सुखरूप वाढते; वार एकच असेल तर मात्र जास्त लक्ष ठेवावे लागते.

अशा आईला ‘एक तरी राहिले ना’ म्हणू नका. तिचा आनंद खरा आहे, तसे दुःखही. तिला दोन्ही बोलू द्या.